नाव नोंदवलं तर टॅक्स लागेल का? घरातल्या शिलाईकामाची 'उद्यम' नोंदणी

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि त्याआधी गणवेशाची धावपळ सुरू होते. २०२४-२५ मध्ये शासनाने कापड वरून पाठवलं आणि शिलाई माविमच्या बचत गटांकडे दिली. त्यात उशीर, मापाचे घोळ असं बरंच झालं आणि २०२५-२६ पासून गणवेश घ्यायचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला. एका जोडीचे ३०० रुपये, दोन जोड्यांचे ६००.

आमच्या ओळखीच्या एका शाळेत समितीची बैठक चालू होती. कुणीतरी म्हणालं, मोहल्ल्यात सात-आठ घरांत मशिनी आहेत, बाहेर कशाला जायचं? सहावीतल्या एका मुलीच्या अम्मीला बोलावलं. पंजाबी ड्रेस, बुरखे, फॉल-पिको, सगळं करणारी बाई. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत तिच्या घरातला दिवा रात्रभर विझत नाही. नमुना पसंत पडला, भावही जमला. मग प्रश्न आला बिलाचा. साधं बिल कोणीही देऊ शकतो, पण समितीला ऑडिटला दाखवायला नोंदीचा काहीतरी कागद हवा होता. तिच्याकडे तो नव्हता. काम एका दुकानदाराला गेलं आणि त्याने त्यातले काही जोड त्याच बाईकडून नगावर शिवून घेतले.

आम्ही तिला विचारलं, नोंदणी का नाही केली? ती म्हणाली, "नाम लिखवाया तो टॅक्स आयेगा ना. और लाडकी बहन का पैसा भी बंद."

यवतमाळ असो, पुसद, दिग्रस, उमरखेड किंवा दारव्हा, घरात मशीन, शेवया, पापड, मसाला, मेहंदी असं काही करणाऱ्या बायांकडून हेच ऐकायला मिळतं. म्हणून हा हिशेब जरा बसून मांडायचं ठरवलं.

'उद्यम' ही टॅक्स खात्याची वही नाही. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची ही नोंद आहे. १ जुलै २०२० पासून ती सुरू झाली, त्याआधी 'उद्योग आधार' होतं. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येप्रमाणे यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असेल तर तो सूक्ष्म उद्योग. एका पायमशीनवर बसलेली बाईही त्याच रांगेत येते. राहतं घर आणि जमीन या गुंतवणुकीत धरत नाहीत, यंत्रांचीच किंमत धरतात.

आता खरं सांगायचं तर, उद्यमचं प्रमाणपत्र काढलं म्हणून इन्कम टॅक्स माफ होत नाही. "उद्यम काढा, टॅक्स वाचवा" असं सांगून हजार-दोन हजार घेणारे लोक आहेत. ते खोटं बोलतात. पण त्या बाईची भीतीही तितकीच खोटी आहे. टॅक्स लागतो तो कमाईवर, नोंदीवर नाही. समजा महिन्याला १५,००० रुपये येतात. वर्षाचे झाले १,८०,०००. यातून धागा, अस्तर, बटणं, मशीनची दुरुस्ती काहीच वजा केलं नाही, सगळीच्या सगळी रक्कम नफा धरली, तरी २०२५-२६ च्या नव्या पद्धतीत पहिले चार लाख करमुक्तच आहेत. त्याच्या वर बारा लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावरही सूट मिळून कर शून्य होतो. जीएसटीचं तेच. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला साधारणपणे वर्षाला ४० लाखांपुढे आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपुढे नोंदणी करावी लागते. ज्याला जीएसटी लागूच नाही, त्याला उद्यमच्या फॉर्ममध्येही जीएसटी नंबर द्यावा लागत नाही.

मग टॅक्समधला फायदा कुठे आहे? तो आहे, पण आपल्या रिटर्नमध्ये नाही, माल घेणाऱ्याच्या रिटर्नमध्ये आहे. ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे.

घरून काम करणाऱ्यांचं सगळ्यात मोठं दुखणं टॅक्स नाही, उधारी आहे. "ईद के बाद देता हूं" म्हणणारा व्यापारी बकरीदपर्यंत तोंड दाखवत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात लिहिलंय की अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, तीही जास्तीत जास्त ४५ दिवस, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. कायदा होता, पण व्यापाऱ्याला फिकीर नव्हती. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून इन्कम टॅक्सच्या कायद्यात कलम ४३बी ला एक तुकडा जोडला गेला. समजा नागपूरच्या एका रेडिमेडवाल्याने जानेवारीत ४०,००० रुपयांची शिलाई करून घेतली, मुदत उलटली आणि ३१ मार्चलाही पैसे दिले नाहीत. तर तो खर्च त्याला त्या वर्षी दाखवता येत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. म्हणजे त्याचा नफा कागदावर ४०,००० ने फुगला. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर १२,००० रुपये टॅक्स जास्त. आता त्याचा सीएच त्याला मार्चमध्ये विचारतो, कोणाकोणाचे पैसे राहिलेत, त्यांच्याकडे उद्यम नंबर आहे का?

यात दोन-तीन अटी लक्षात ठेवा. हा नियम माल बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी आहे. घाऊकमधून बांगड्या किंवा ड्रेस मटेरियल आणून घरून विकणाऱ्यांनाही २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण त्यांना फायदा फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. उशिराच्या पैशांचं संरक्षण त्यांना नाही. दुसरं, नोंदणी माल देण्याआधीची हवी. पैसे अडकल्यावर धावत जाऊन नंबर काढला तर वाद तिथेच सुरू होतो. आणि प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छापलेला असावा, नाहीतर समोरचा म्हणणार, मला माहीतच नव्हतं. काही व्यापारी याच कारणाने नोंदणीवाल्यांकडून माल घ्यायला कुरकुर करतात, हेही सांगून ठेवतो.

पैसे नाहीच आले तर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. कायद्यात उशिरासाठी व्याजही आहे. ते घ्यायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या दीनचा प्रश्न. मूळ मेहनताना मागायला तर कुणाची हरकत नाही.

विदर्भातल्या उद्योगांना वीज शुल्क, मुद्रांक शुल्क, जीएसटीचा परतावा अशा सवलती देणारी राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना आहे, तिचंही नाव लोक घेतात. ती शेड टाकून कारखाना काढणाऱ्यांची गोष्ट आहे. एका मशीनच्या घराने तिच्या मागे धावू नये.

आता लाडकी बहीण. योजनेच्या अटींत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि घरात कोणी आयकर भरणारा नको, असं आहे. उद्यम नोंदणी असलेली बाई अपात्र, असं त्या अटींत कुठेही नाही. पुढे धंदा वाढून घराचं उत्पन्न अडीच लाखांवर गेलं तर अट लागू होईल. पण ती कमाईमुळे होईल, प्रमाणपत्रामुळे नाही, आणि कमाई तर नोंद नसली तरी तेवढीच आहे.

तिसरी भीती लाईट बिलाची. मीटर कमर्शियल होईल म्हणून कितीतरी घरांत पाटी लावत नाहीत. वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात स्पष्ट आहे की घराच्या एका भागात धंदा असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या आत, मागच्या वर्षाचा ३,६०० युनिटच्या आत असेल, तर दर घरगुतीच लागतो. शिलाई मशीनची मोटर १०० वॉटची धरा, रोज पाच तास चालली तरी महिन्याला १५ युनिट होतात. पंखा त्याच्यापेक्षा जास्त खातो.

नावाचा घोळ

नोंदणीत खरी अडचण येते ती वेगळीच. फॉर्म सोपा आहे, फी नाही, कागद अपलोड करायचे नाहीत. आधार नंबर, त्यावरचं नाव जसंच्या तसं, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी, मग पॅन. आणि पॅनवर येऊन आपली गाडी अडते. आधारवर 'शेख', पॅनवर 'शैख', बँकेत नुसतं 'शे.'. लग्नाआधीच्या कागदांवर 'परवीन', नंतरच्या कागदांवर 'बी' किंवा 'बेगम', मागे कधी वडिलांचं नाव, कधी शौहरचं. इंग्रजी स्पेलिंगचे तर चार प्रकार. यातला थोडा गुन्हा आम्हा मास्तर लोकांचाही आहे. दाखलखारिज रजिस्टरमध्ये उर्दू नाव ऐकून जसं वाटलं तसं लिहिलेलं आम्ही स्वतः पाहिलंय, आणि तोच दाखला पुढे प्रत्येक ठिकाणी पुरावा होतो.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी सगळे कागद एका चादरीवर मांडून नाव कुठे काय आहे ते बघा. कायम कोणतं नाव ठेवायचं ते घरात ठरवा. मग आधार दुरुस्त करा. विचार करूनच करा, कारण आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. तेव्हाच मोबाईल नंबरही स्वतःचा जोडून घ्या. बऱ्याच बायांचा नंबर भावाचा किंवा बंद पडलेल्या सिमचा असतो. ज्यांनी पॅन कधीच काढलेलं नाही, त्यांना तर सोपं आहे. इन्कम टॅक्सच्या साइटवर आधारवरून फुकट ई-पॅन लगेच मिळतं आणि त्यावर आधारचंच नाव येतं, त्यामुळे फरकाचा प्रश्नच उरत नाही.

शौहरच्या पॅनवर बायकोच्या कामाची नोंद करू नका, हा आमचा आग्रह आहे. एका पॅनवर एकच उद्यम नोंदणी होते. त्याचं गॅरेज किंवा फळांची गाडी असेल तर त्याची नोंद त्याच्या नावाची, आणि मशीन जिची, नोंद तिची. उद्या महिला उद्योजकांसाठीचं काही आलं तर ते हिच्या नावावर येईल.

फॉर्ममध्ये पुढे कामाचा कोड निवडावा लागतो. मापाने शिवून देण्याच्या कामाचा कोड १४१०५. शिलाईसोबत मसाला, पापडही करत असाल तर त्याच नोंदणीत दोन्ही कामं टाकता येतात. खाण्याच्या वस्तूला मात्र अन्न सुरक्षेची नोंदणी वेगळी लागते. सामाजिक प्रवर्गाच्या रकान्यात लोक घाईने 'सर्वसाधारण' टाकतात. मोमीन, पिंजारी, बागवान, तांबोळी, मणियार अशा जमाती ओबीसीत आहेत. दाखला असेल तर तोच प्रवर्ग लिहा. बँक खातं स्वतःचं. गुंतवणूक आणि उलाढाल खरी लिहा, फुगवूनही नको आणि लपवूनही नको. शेवटी ओटीपी टाकला की नंबर मिळतो. हे प्रमाणपत्र दरवर्षी नवं करावं लागत नाही, माहिती मात्र वेळोवेळी अद्ययावत करावी लागते.

साइट एकच आहे, उद्यम रजिस्ट्रेशन, आणि तिच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं. गुगलवर शोधलं की बरेचदा सगळ्यात वर जाहिरातवाल्या साइट येतात, अगदी सरकारी दिसणाऱ्या, आणि शेवटी पैसे मागतात. पैसे मागितले की बंद करा. सीएससी केंद्रातून भरलं तर त्यांच्या मेहनतीचे थोडेफार द्यायला हरकत नाही, पण ती सरकारी फी नव्हे.

पॅन नाहीच आणि रिटर्नही भरत नाही अशांसाठी जानेवारी २०२३ पासून 'उद्यम असिस्ट' आहे. बँक किंवा सूक्ष्म वित्त संस्थेमार्फत ती नोंद होते. दर्जी, न्हावी, लोहार, सुतार, गवंडी अशा १८ कामांसाठीची पीएम विश्वकर्मा योजनाही बघा. प्रशिक्षणाच्या दिवसांना ५०० रुपये रोज आणि अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात, मात्र एका कुटुंबातून एकालाच. त्यातलं कर्ज पाच टक्के व्याजाचं आहे. सूदचा मसला असल्याने अनेकजण कर्जापासून लांब राहतात. त्यांनी आपल्या उलेमांना विचारावं, आम्ही फतवा देणारे नाही. एवढंच सांगतो की नोंदणी म्हणजे कर्ज नव्हे. कर्ज न घेताही नंबर काढता येतो आणि बिल देता येतं.

त्या सहावीतल्या मुलीच्या अम्मीचं ई-पॅन निघालंय. आधारवर मोबाईल नंबर तिच्या भावाचा होता, तो बदलून घेतला. बिलबुक छापायला टाकायचंय, पण वर दुकानाचं नाव काय लिहायचं यावर घरात अजून एकमत नाही. मुलगी म्हणते तिचं नाव, अम्मी म्हणते नानीचं, कारण मशीन नानीने दिलेली आहे.