शेजारचं परडं आणि काँग्रेस गवत

शेजारच्या पडीक परड्यावरून गावात वाद पेटतो तो सहसा दसरा-दिवाळीच्या सुमारास. इकडे घर झाडून-सारवून झालेलं असतं, लेकीबाळी माहेरी येणार असतात आणि भिंतीपलीकडचं कमरेएवढं रान डोळ्यांत खुपू लागतं. मग तोंडातोंडी होते, कुणी ग्रामपंचायतीत अर्ज देतो, कुणी रागाच्या भरात काडी लावतो. परभणी तालुक्यातलं पेडगाव घ्या की जिल्ह्यातलं दुसरं कुठलंही गावठाण, अशा जागांवर आज राज्य आहे ते काँग्रेस गवताचं, म्हणजे गाजरगवताचं. त्याच्या बाबतीत ऑक्टोबरातला राग रास्त असला, तरी तो उशिराचा आहे. तोवर बी जमिनीत गेलेलं असतं आणि पुढच्या वर्षीचं रान पेरून झालेलं असतं. माझं म्हणणं असं की, शेजाऱ्याच्या दुर्लक्षावरचा उपाय पावसाआधी ठरवावा आणि फूल येण्याआधी उरकावा लागतो. शेजाऱ्यानं शेजाऱ्याशी भांडून तो होत नाही, गावानं तो आपलं काम म्हणून अंगावर घ्यावा लागतो.

हे गवत मूळचं मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या मुलखातलं. भारतात ते पहिल्यांदा ठळकपणे नजरेत आलं पुण्यात, १९५५ साली. अमेरिकेतून आयात झालेल्या गव्हाबरोबर ते देशभर पसरलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. एका झाडाला दहा ते पंचवीस हजार बिया धरतात. बी इतकं बारीक आणि हलकं की वारा, ओढ्याचं पाणी, जनावरांच्या खुरांना अन् ट्रॅक्टरच्या चाकांना लागलेला चिखल, सगळेच ते वाहून नेतात. बी धरलेलं झाड उकिरड्यावर टाकलं, तर शेणखताबरोबर ते थेट वावरात पोचतं. उगवल्यावर महिनाभरातच फूल येऊ शकतं, आणि ओल मिळत राहिली तर वर्षात तीन-चार पिढ्या होतात. म्हणजे मृगाच्या पावसावर उगवलेलं झाड जुलैच्या मध्यालाच पांढरं दिसू लागतं. त्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे हीच खरी कामाची वेळ. तेव्हा गाजरासारखी कातरलेली पानं जमिनीलगत पसरलेली असतात, माती ओली असते आणि बुंध्याशी धरून ओढलं की सगळं मूळ हातात येतं. विळ्यानं वरवर कापलं तर त्याच बुंध्यातून पुन्हा फांद्या फुटतात. खोल गेलेलं बी मात्र वर्षानुवर्षं जिवंत राहतं, म्हणून एका वर्षाच्या मोहिमेनं समाधान मानता येत नाही.

शेजाऱ्याकडून नेमकी कशाची अपेक्षा करायची, हेही आधी स्वच्छ असायला हवं. पडीक जागेबद्दलच्या सगळ्याच तक्रारी सारख्या वजनाच्या नाहीत. 'रानामुळे डास झाले' ही नेहमीची तक्रार अर्धीच खरी आहे. डास झुडपात विसाव्याला बसतात, पण वाढतात ते पाण्यात. डेंग्यूचा डास तर फुटका माठ, जुना टायर, उघडी टाकी अशा साचलेल्या स्वच्छ पाण्यात. ती भांडी आपल्याच अंगणातही सापडतील. पडक्या वाड्याच्या मातीच्या ढिगाऱ्यात उंदीर, आणि उंदरामागं घोणस-नाग येतात, ही भीती मात्र खरी आहे. आणि पावसाळ्यात परड्यात उगवणारा तरोटा, घोळ, कुंजीर यांचं काय? ही तर आपल्या ताटातली भाजी. तरोट्याला तण म्हणून उपटणं उलट तोट्याचं, कारण दाट उगवलेला तरोटा काँग्रेस गवताला वर येऊ देत नाही. तणसंशोधकही त्याचं बी पसरण्याची शिफारस करतात. शेजाऱ्याचं परडं नीटनेटकं असावं असा आग्रह धरण्याचा आपल्याला हक्क नाही. ज्यानं दमा लागतो, मानेला अन् कोपराच्या खोबणीत खाज सुटून कातडी जाड होते, जे जनावराच्या पोटात गेलं तर दूध कडू होतं, त्याचं बी आपल्या हद्दीत येऊ नये, एवढंच मागण्याचा हक्क आहे, आणि तो पुरेसा मोठा आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : जागा ज्याची, मर्जी त्याची. पण मालकी हद्दीपाशी थांबते आणि बी थांबत नाही. कायद्यानंही हे फार पूर्वी ओळखलं आहे. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या अनुसूचीत पंचायतीच्या कामांमध्ये उकिरडे हटवणं, माजलेलं रान आणि निवडुंग काढणं, वापरात नसलेल्या विहिरी व घाण पाण्याची डबकी बुजवणं यांचा समावेश आहे. निवडुंगाचं नाव त्यात आहे ते उगाच नाही. तोही बाहेरून आलेला आणि बांधाबांधावर माजलेला होता. तेव्हा पंचायतीला अधिकार नाही, ही सबब चालणार नाही. पण केवळ कायद्याच्या धाकानंही काम होत नाही, हे शेजारच्या कर्नाटकाकडे पाहून कळतं. तिथं १९७५ सालीच कीड-रोग कायद्याखाली हे गवत उपद्रवी तण म्हणून जाहीर झालं, म्हणजे ते काढण्याची जबाबदारी जमीनमालकावर आली. तरी पन्नास वर्षांनंतर कर्नाटकातल्या रस्त्यांच्या कडा आपल्याइतक्याच पांढऱ्या आहेत. नोटीस घ्यायलाच कुणी नसेल, तर कायदा काय करणार?

आणि गावाकडची अडचण नेमकी तीच आहे. ज्याला आपण दुर्लक्ष करणारा शेजारी म्हणतो, तो बहुतेक वेळा शेजारी राहतच नाही. तो पुण्यात किंवा संभाजीनगरात कामाला असतो. वाडा वडिलांच्या नावावर, वारस चार भाऊ आणि दोन बहिणी, वाटणी झालेली नाही, म्हणून कुणीच खर्च करत नाही. अशा माणसावर निष्काळजीपणाचा शिक्का मारून काही निघत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ मध्ये मिळकत कुणाच्या नावे आहे ते नोंदलेलं असतं. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊन मिळकतपत्रिका तयार होऊ लागल्या, त्यामुळे हद्दीबद्दलची घासाघीसही कमी व्हावी. मालकाला विचारायचं एवढंच : तुमच्या जागेतलं गवत जूनअखेर काढू देता का? हक्क कुणाचा जात नाही, वहिवाट लागत नाही, हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून दिलं तर नकार देणारा विरळा. ही लेखी हमी मला फार महत्त्वाची वाटते, कारण भावकीत संमती अडते ती बहुधा याच भीतीपोटी.

'दुसऱ्याच्या जागेतलं गवत आम्ही का काढावं?' हा दुसरा आक्षेप. त्यात तथ्य आहे, म्हणून हे काम फुकटच्या श्रमदानावर सोडू नये असं मी म्हणेन. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानानं २००० नंतरच्या काळात गावंच्या गावं झाडूनपुसून काढली, पण दरवर्षी ठरल्या आठवड्यात करायचं काम उत्साहावर चालत नाही. रोजगार हमीकडेही बोट दाखवता येत नाही, कारण मनरेगाच्या अनुसूचीनं गवत काढण्यासारखी पुन्हापुन्हा करावी लागणारी कामं वगळलेली होती. राहतो पंचायतीचा स्वनिधी. त्यातून मजुरी द्यावी आणि ती मालकाच्या घरपट्टीबरोबर त्याच्या संमतीनं वसूल करावी. मजुरीबरोबर हातमोजे, तोंडाला रुमाल आणि अंगभर कपडे हवेतच. हे काम शेवटी बायांच्याच वाट्याला येतं, आणि उघड्या हातांनी हे गवत उपटणाऱ्याला कातडीचा आजार जन्मभर छळू शकतो.

मग फवारून का टाकू नये? कारण परभणीच्या काळ्या रानात गावठाणाला लागूनच कपाशी असते. २,४-डी हे तणनाशक वाऱ्यानं कपाशीवर गेलं की पानं अरुंद होऊन पंजासारखी वळतात आणि पाती गळतात. एका शेजाऱ्याचा त्रास संपवताना दुसऱ्याचं पीक घालवण्यात शहाणपण नाही. याहून चांगला उपाय हाताशी आहे. हे गवत खाणारा मेक्सिकन भुंगा १९८३ मध्ये बंगळूरला आणला गेला आणि पुढच्या वर्षी शिवारात सोडला गेला. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातही हे भुंगे वाढवून शेतकऱ्यांना दिले जातात. मळकट पांढरा, पाठीवर तपकिरी रेघा असलेला हा किडा आणि त्याच्या अळ्या पानं फस्त करतात. तो सूर्यफूल खातो अशी ओरड नव्वदच्या दशकात झाली होती, पण चौकशीअंती त्याला निर्धोक ठरवलं गेलं. पण तो पावसाळ्यातच काम करतो, उन्हाळा जमिनीत दडून काढतो आणि बस्तान बसवायला त्याला काही वर्षं लागतात. म्हणून जिथं हात पोचत नाही तिथं, म्हणजे ओढाकाठी, गायरानात, रुळांच्या कडेला तो सोडावा, आणि घरांमधल्या परड्यांत उपटणीच करावी.

रस्त्यानं आणि रुळांवरून बी येतच राहणार, मग परडी साफ करून उपयोग काय, असंही विचारलं जातं. पण घरालगतचं झाड जे परागकण नाकात घालतं, ते कोसभर लांबचं झाड तितकं घालत नाही. शिवाय वाटेनं येणारं बीही अडवता येतं : ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये याच गवतासाठी वाहनं आणि कापणीयंत्रं धुण्याच्या जागा केल्या आहेत. गावोगाव फिरणारं हार्वेस्टर आपल्या शिवारात शिरण्याआधी झाडून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

उरतो वेळेचा प्रश्न. देशभर गाजरगवत जागृती सप्ताह १६ ते २२ ऑगस्टला पाळतात. मराठवाड्यात तोवर मृगावर उगवलेली पहिली पिढी फुलून गेलेली असते, म्हणून तो सप्ताह दुसऱ्या उपटणीसाठी ठेवावा. पहिली उपटणी जूनच्या अखेरीस व्हायची तर ठराव १ मेच्या ग्रामसभेत झाला पाहिजे, सोबत नमुना ८ वरून काढलेली पडीक जागांची यादी, मजुरीचा दर आणि हमीचा मजकूर. आणि सह्या घ्यायला मे महिन्यासारखा दुसरा काळ नाही : लग्नसराईसाठी ते चारही भाऊ आणि दोन्ही बहिणी तेव्हा गावातच असतात.