जनरेटर आपल्या घरचा, जीव मात्र पोलवरच्या वायरमनचा

वळवाचा एक जोराचा पाऊस झाला, की कडेगाव तालुक्यातल्या कित्येक वस्त्यांवर लाईट जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शेजारच्या पलूस, वाळवा भागातल्या पूरग्रस्त गावांनी दिवसेंदिवस अंधार सोसला. त्यामुळे जयंतीच्या मंडपापुरता भाड्याने येणारा छोटा जनरेटर आता घरोघरी दिसू लागला आहे. त्याला आमचा विरोध नाही. पण वस्त्यांमध्ये काम करताना तो घराला ज्या पद्धतीने जोडलेला दिसतो, त्याने आमच्या छातीत धस्स होते.

पद्धत अशी: वायरच्या दोन्ही टोकांना पिन लावायची, एक टोक जनरेटरला आणि दुसरे भिंतीवरच्या सॉकेटमध्ये. घर उजळते खरे, पण वीज घरात थांबत नाही. ती मीटरमधून उलटी पोलवर आणि तिथून डीपीत जाते. डीपी एरवी ११,००० व्होल्टचे २३० करते, तीच उलट्या बाजूने २३० चे हजारो व्होल्ट करू शकते. लाईन बंद आहे असे समजून पोलवर चढलेल्या वायरमनला तोच झटका बसतो. हा वायरमन अनेकदा कंत्राटी असतो, आपल्यासारख्याच एखाद्या घरातला कमावता पोरगा.

"आम्ही मेन स्विच पाडतो की," असे लोक सांगतात. पण रात्रीच्या घाईत एखाद्या दिवशी विसर पडतोच. शिवाय काही मेन स्विच फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलेच राहते. मेन चालू असताना लाईट परत आली, तर जनरेटर जळून आग लागू शकते. आणि त्या वायरची पिन सॉकेटमधून निसटली, तर तिच्या उघड्या टोकांत वीज खेळत असते. घरातल्या लेकराचा हात लागायला कितीसा वेळ?

यावर उपाय एकच: चेंजओव्हर स्विच. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला राहतो, महावितरण किंवा जनरेटर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा स्विच घ्यावा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवावा. अर्थिंगही त्याच्याकडूनच तपासून घ्यावे. तो बसेपर्यंत पंखा, दिवा, मोबाईलचा चार्जर थेट जनरेटरच्याच सॉकेटला चांगल्या वायरने जोडावा. पाण्याची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते, म्हणून जनरेटरची क्षमता पाहूनच ती लावावी.

दुसरा धोका धुराचा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस जातो. चोरीच्या किंवा पावसाच्या भीतीने जनरेटर पडवीत, जिन्याखाली, बंद खोलीत कधीही चालवू नका. तो घरापासून निदान वीस फूट लांब, खिडक्या-दारांपासून दूर, मोकळ्या पण कोरड्या जागी ठेवा. पेट्रोल ओतायचे ते मशीन बंद करून, थंड झाल्यावरच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते. देशाच्या वीज नियोजनाचा पाया घालण्याचे कामही त्यांनी त्याच काळात केले. वीज आणि कामगार हे दोन्ही विषय एकाच माणसाच्या टेबलावर होते, हे आपण विसरू नये. स्विचला थोडा खर्च येतो. चार घरांनी एकच जनरेटर वापरायचा असेल, तर प्रत्येक घराला स्वतंत्र स्विच हवा. विहाराच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. आपल्या घरातल्या उजेडासाठी दुसऱ्याच्या घरात अंधार होता कामा नये.