खेळण्यातला प्रवासी राष्ट्रीय उद्यानात

निसर्गशिक्षणाच्या सहली शाळाशाळांतून निघतात. तथापि पुष्कळदा मुले वनात जाऊन परत येतात आणि त्यांच्या स्मरणात उरतो तो केवळ डबा व बसप्रवास. पाहायचे काय, हेच त्यांना उमगलेले नसते. यावर एक सोपा उपाय म्हणजे खेळण्यातला प्रवासी. वीतभर उंचीची लाकडी अथवा कापडी बाहुली वर्गाने ‘प्रवासी’ म्हणून सोबत घ्यावयाची, प्रत्येक थांब्यावर तिला काय दिसले ते मुलांनी तिच्या रोजनिशीत नोंदवावयाचे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये खेळातून शिक्षणावर भर देण्यात आला आहे. हा प्रयोग त्याच्याशी सुसंगत आहे.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान अशा सहलीस उत्तम क्षेत्र होय. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या वनात खडक, झरे, तलाव, पानझडी अरण्य व खाडीकाठ अशी नाना भूरूपे एकत्र आढळतात. येथील ‘वनराणी’ ही छोटी आगगाडी मुलांच्या अनेक पिढ्यांना परिचित आहे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात रुळांची हानी होऊन तिची फेरी खंडित झाली होती. परंतु गाडीची वाट उद्यानाच्या लहानशा भागातूनच जाते. उर्वरित वनाची ओळख करून घेण्यास आपला छोटा प्रवासी उपयोगी पडतो.

खडक आणि पाणी

पहिला थांबा कान्हेरी. ‘कृष्णगिरी’ म्हणजे काळा डोंगर, यावरून हे नाव आले. ज्वालामुखीच्या उद्रेकांतून बनलेल्या या खडकात शंभरांहून अधिक बौद्ध लेणी आहेत. लेण्याच्या स्तंभापाशी बाहुली उभी करून छायाचित्र घेतल्यास स्तंभाच्या उंचीचा अंदाज येतो. भूगर्भशास्त्राचे अभ्यासकही खडकाच्या छायाचित्रात प्रमाणासाठी हातोडी वा नाणे ठेवतात. लेण्यांलगत पावसाचे पाणी साठविण्याची कोरीव टाकी आहेत. पन्हळीतून पाणी कोणत्या वाटेने टाक्यात उतरत असेल, हे मुलांनी प्रवाशाच्या मुखातून सांगावे. जलसंधारणाचा हा प्रत्यक्ष पाठच होय.

दुसरा विषय तलावांचा. विहार तलाव १८६० मध्ये, तर तुळशी तलाव १८७९ मध्ये पूर्ण झाला. दोहोंचे पाणी आजही मुंबईला मिळते. वनाच्छादित डोंगर पावसाचा वेग अडवितात, माती धरून ठेवतात आणि तलाव गाळाने भरू देत नाहीत. विहारच्या सांडव्याचे पाणी पुढे मिठी नदीस मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व मिठीच्या काठी हाहाकार उडाला. डोंगर, तलाव, नदी व वस्ती यांचे नाते यावरून ध्यानी यावे.

अरण्य आणि खाडी

साग, ऐन, खैर, पळस व काटेसावर यांच्या अरण्यात उतारांवर कारवी वाढते. ती येथे आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ नंतर ती २०२४ मध्ये बहरली. त्या वेळी चौथीत असलेला विद्यार्थी बारावीत जाईल तेव्हा, २०३२ मध्ये, पुढचा बहर अपेक्षित आहे. रोजनिशी जपून ठेवण्यास याहून चांगले कारण कोणते? उत्तरेस वसईच्या खाडीकाठी तिवरांचे वन लागते. चिखलातून वर आलेली त्यांची श्वसनमुळे बाहुलीच्या उंचीशी ताडून पाहता येतात.

काही पथ्ये

बाहुली प्लास्टिकची नसावी. ती वनात विसरून येऊ नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानातील वनोपज नेण्यास मनाई आहे; म्हणून फूल, पान वा शेंग तोडून आणू नये, त्यांची चित्रे काढावीत. माकडांसमोर खाद्यपदार्थ उघडू नयेत. सहल दिवसाउजेडी, वन विभागाच्या परवानगीने व नेमलेल्या वाटेनेच व्हावी. हा बिबट्याचा अधिवास आहे. वनालगतच्या वस्तीत कचरा साचला की कुत्री जमतात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. ही गोष्ट राज्यातील वनसीमेवरील प्रत्येक गावास लागू आहे. ग्रामपंचायतींनी कचऱ्याची वेळीच विल्हेवाट लावल्यास माणूस व बिबट्या दोघांचेही रक्षण होते.

ज्या शाळांना बोरिवली दूर आहे, त्यांनी गावचा ओढा, देवराई वा गायरान यांनाच प्रवाशाचा मुक्काम करावा आणि पूर्ण झालेली रोजनिशी ग्रामसभेत वाचून दाखवावी. आपल्या गावचे पाणी कोठून येते, हे मुलांच्या तोंडून ऐकल्यावर ते राखण्याची जबाबदारी मोठ्यांनाही टाळता येणार नाही.