व्हायोलिन व व्हायोला यांचे खासगी शिक्षण

व्हायोलिन व व्हायोला यांचे खासगी शिक्षण म्हणजे एका शिक्षकाने एका वेळी एकाच विद्यार्थ्याला, बहुधा आठवड्यातून एकदा, दिलेले वादनाचे शिक्षण होय. पाश्चात्त्य अभिजात संगीतात शाळा, चर्च आणि संगीत-महाविद्यालये यांमधूनही या वाद्यांचे वर्ग चालतात. तथापि वादकाचा हात घडतो तो मुख्यतः अशा एकास-एक शिकवणीत. तीन-चार वर्षांच्या बालकापासून निवृत्त व्यक्तीपर्यंत कोणालाही हे शिक्षण घेता येते. वयानुसार वाद्याचे माप, धड्याचा कालावधी आणि शिकवण्याची रीत मात्र बदलते.

एकास-एक शिक्षणाची गरज

सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या असतात. व्हायोलिनच्या काळ्या पट्टीवर यांपैकी काहीच नसते. स्वराची जागा बोटाला स्वतः शोधावी लागते. पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर मोकळ्या तारेपासून पहिला अर्धा स्वर सुमारे १८ मिलिमीटरवर येतो. तारेवर बोट जसजसे वर सरकते तसतशी ही अंतरे आक्रसतात आणि एका सप्तकानंतर ती निम्मी होतात. त्यामुळे एक-दोन मिलिमीटरची चूकही कानाला खटकते. नवशिक्याचा कान प्रारंभी ही चूक पकडू शकत नाही, आणि पकडली तरी स्वर चढा लागला की उतरला हे त्याला सांगता येत नाही. चांगला शिक्षक अशा वेळी केवळ ‘बेसूर’ म्हणून थांबत नाही. तो विद्यार्थ्याला वाद्याचाच आधार घ्यायला शिकवतो. उदाहरणार्थ, डी तारेवर तिसऱ्या बोटाने जी हा स्वर अचूक लागला, तर शेजारची जाड जी तार न छेडताही थरथरू लागते आणि स्वराला एक प्रकारची गुंज येते. स्वर जरा हुकला की ती गुंज नाहीशी होते. ही गुंज ओळखता येऊ लागली की घरी शिक्षक नसतानाही विद्यार्थ्याला परीक्षक मिळतो.

दुसरे कारण शरीराच्या ठेवणीचे आहे. व्हायोलिन डाव्या खांद्यावर व गळपट्टीच्या हाडावर टेकवून हनुवटीने सावरले जाते, तर उजव्या हातात गज असतो. ही दोन्ही कामे परस्परांहून भिन्न असून दोन्ही हातांची ठेवण रोजच्या व्यवहारात कधीच न लागणारी असते. वाजवणाऱ्याला आपले डावे मनगट आत कोसळले आहे किंवा खांदा कानाकडे चढला आहे, हे जाणवत नाही. गज घोडीला समांतर चालतो की तिरका, हेही त्याला त्याच्या जागेवरून नीट दिसत नाही. सरळ चाललेला गज त्याला तिरका वाटू शकतो आणि तिरका सरळ. म्हणून सरावाच्या खोलीत आरसा ठेवण्याचा प्रघात आहे. आरसा चूक दाखवतो, पण ती का झाली हे सांगत नाही. शिक्षक कोपराखाली बोट लावून हात किंचित उचलतो, आणि जे दहा वाक्यांनी समजले नसते ते त्या एका स्पर्शाने कळते. अर्थात असा स्पर्श विद्यार्थ्याला, आणि तो लहान असल्यास पालकांनाही, आधी सांगून व त्यांच्या संमतीनेच झाला पाहिजे.

चुकीची सवय सहा महिने मुरली, तर ती मोडण्यास त्याहून अधिक काळ लागू शकतो. ‘आधी स्वतः थोडे शिकू, मग शिक्षक पाहू’ हा विचार व्हायोलिनच्या बाबतीत महागात पडतो. खर्च मर्यादित असेल, तर शिकवणी पुढे कधीतरी विरळ केलेली चालते. पहिल्या वर्षात ती वगळणे चालत नाही.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही विद्या प्रामुख्याने गुरूकडून शिष्याकडे तोंडी जात होती. १७५१ मध्ये फ्रान्चेस्को जेमिन्यानी यांचा व्हायोलिनवादनावरील ग्रंथ लंडन येथे निघाला. १७५६ मध्ये लिओपोल्ड मोझार्ट यांचा ग्रंथ आउग्सबुर्ग येथे प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांचा पुत्र वोल्फगांग जन्मला. पुढे पॅरिसच्या संगीत-महाविद्यालयाशी (स्थापना १७९५) संबंधित रोदोल्फ क्रॉइट्झर यांनी रचलेल्या अभ्यासरचना जगभरच्या शिकवण्यांत रुळल्या. त्यांतील दुसरी रचना दिसायला अगदी साधी आहे. परंतु गज चालवण्याचे कितीतरी निरनिराळे प्रकार तीवर घोटवून घेतले जातात.

वाद्यातही बदल झाले. हनुवटी टेकण्याची वाटी लुई श्पोर यांनी १८२० च्या सुमारास प्रचारात आणली. त्यामुळे वाद्य धरून ठेवण्याच्या कामातून डावा हात बराच मोकळा झाला. विसाव्या शतकात कार्ल फ्लेश, लिओपोल्ड आउअर आणि इव्हान गलामियन हे शिक्षक म्हणून विशेष गाजले. यांतील आउअर यांचे यश नेमून दिलेल्या एखाद्या पद्धतीत शोधणे व्यर्थ आहे. याशा हायफेट्झ आणि मिशा एल्मन हे दोघेही त्यांचे शिष्य, पण दोघांचा नाद एकमेकांसारखा नाही. खासगी शिक्षणाचे मर्म यातून दिसते.

वाद्याचे माप

लहान मुलांसाठी व्हायोलिन १/१६, १/१०, १/८, १/४, १/२ व ३/४ अशा मापांत मिळते. पूर्ण माप ४/४ असे लिहितात. हे अपूर्णांक फसवे आहेत. ‘अर्धे’ व्हायोलिन लांबीने अर्धे नसते. पूर्ण मापाच्या वाद्याचे खोड सुमारे ३५.५ सेंटिमीटर, तर अर्ध्याचे सुमारे ३१ सेंटिमीटर असते. माप वयावरून नव्हे, तर हातावरून ठरते. वाद्य खांद्यावर ठेवून डावा हात सरळ लांबवला असता वाद्याचे टोक तळव्याच्या आसपास आले पाहिजे. ‘मूल वाढते आहे, एकदाच मोठे घेऊन टाकू’ या काटकसरीने मनगटावर व मानेवर ताण येतो आणि बोटे फाकवण्याच्या नादात सूरही बिघडतो. अनेक ठिकाणी लहान वाद्ये भाड्याने मिळतात किंवा एकाच शिक्षकाच्या विद्यार्थ्यांत हातोहात फिरतात. तोच मार्ग सोयीचा.

धडा आणि घरचा सराव

लहान मुलांचा धडा साधारणतः अर्ध्या तासाचा, मोठ्यांचा पाऊण ते एक तासाचा असतो. वाद्य जुळवणे, मोकळ्या तारांवर गज चालवणे, एखादे स्वरसप्तक, एक अभ्यासरचना आणि एक गीत वा रचना असा त्याचा ढोबळ क्रम असतो. पहिले कित्येक आठवडे केवळ गज धरणे, गजाला राळ लावणे, मोकळ्या तारा वाजवणे आणि बोटांनी तार छेडणे यांतच जातात. या काळात पालकांचा धीर सुटतो. प्रत्यक्षात व्हायोलिनचा नाद निर्माण करतो तो उजवा हात. गजाचा दाब, त्याचा वेग आणि घोडीपासूनचे त्याचे अंतर या तिन्हींचा मेळ बसला नाही, तर डाव्या हाताने कितीही अचूक स्वर लावला तरी आवाज किरकिरा किंवा फुसका येतो.

स्वर स्थिर झाल्यावर हात पट्टीवर वर सरकवणे आणि त्यानंतर किंवा त्याच सुमारास स्वराला कंप देणे शिकवले जाते. कंपाची घाई करू नये. डळमळीत स्वर झाकण्यासाठी घेतलेला कंप जाणत्या कानाला लगेच ओळखू येतो.

पट्टीवर बोटांच्या जागी रंगीत पट्ट्या चिकटवाव्यात की नाहीत, याविषयी शिक्षकांत मतभेद आहेत. पट्ट्यांमुळे लहान मुलाच्या हाताला लवकर वळण लागते. मात्र डोळा कानाचे काम करू लागला की पट्ट्या काढण्याची वेळ झाली, असे समजावे.

आठवड्यातील एक धडा हा शिक्षणाचा फार लहान भाग आहे. उरलेले सहा दिवस विद्यार्थी एकटा असतो. रविवारी दोन तास वाजवण्यापेक्षा रोज वीस मिनिटे वाजवणे अधिक उपयोगी पडते. रचना आरंभापासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवणे म्हणजे सराव नव्हे. अडलेली दोन मापे वेगळी काढून, लय कमी करून, ती सुटेपर्यंत घोटणे हा सराव होय. हे कसे करायचे, ते धड्यातच शिक्षकाने करवून दाखवावे लागते. नुसते ‘घरी तयारी करून या’ एवढ्याने ते होत नाही.

लहान मुले व सुझुकी पद्धत

शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांचे वडील जपानमधील नागोया येथे व्हायोलिनचा कारखाना चालवीत. घरात वाद्ये असूनही सुझुकी सुमारे सतरा वर्षांचे होईपर्यंत वाजवत नव्हते. एल्मन यांची ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांनी व्हायोलिन हाती घेतले. पुढे बर्लिन येथे कार्ल क्लिंगलर यांच्याकडे ते शिकले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मात्सुमोतो येथे त्यांनी आपली पद्धत विकसित केली. मूल मातृभाषा जशी ऐकून, अनुकरण करून शिकते तसेच संगीत शिकू शकते, हा तिचा पाया आहे. मूल ठरलेल्या रचना आधी घरी पुष्कळ ऐकते, पालकांपैकी एक जण धड्याला बसतो, आणि वैयक्तिक धड्याला सामूहिक वर्गाची जोड दिली जाते. स्वरलिपी वाचणे नंतर येते. वाचन लांबल्याने काही मुले पुढे केवळ कानावर विसंबतात, हा या पद्धतीवरील आक्षेप खरा आहे. पण तो बहुधा शिक्षकाच्या दुर्लक्षाचा परिणाम असतो.

प्रौढ विद्यार्थी

‘लहानपणी सुरुवात केली नाही, आता उशीर झाला’ असे व्हायोलिनविषयी सर्रास म्हटले जाते. मैफलीचा एकलवादक होण्यापुरते ते बहुतांशी खरे आहे. वाद्य वाजवण्यापुरते ते खरे नाही. प्रौढाला सूचना समजतात, स्वरलिपी लवकर वाचता येते, आणि तो स्वेच्छेने आलेला असतो. त्याची अडचण निराळीच असते: आपला आवाज किती वाईट येतो, हे त्याला पहिल्या दिवसापासून ऐकू येते. त्या लाजेने तो गज तारेवर अर्धवट टेकवतो, आणि त्यामुळेच आवाज अधिक वाईट येतो. मूल मात्र निःसंकोच किरकिर करते.

प्रौढांमध्ये ताठरपणाही अधिक असतो. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या कातो हावाश यांनी वादकाचा शारीरिक ताण व रंगमंचावरील भीती या दोहोंचा एकत्र विचार करून शिक्षणाची दिशा मांडली. मान, खांदा, मनगट किंवा अंगठा दुखू लागल्यास वाजवणे थांबवून शिक्षकाला सांगावे. वेदना हा या वाद्याच्या शिक्षणाचा अपरिहार्य भाग नव्हे; सोसत वाजवल्याने दुखणे जडते. वाद्याचे माप, हनुवटीची वाटी किंवा खांद्याचा आधार बदलूनही पुष्कळदा आराम पडतो. दुखणे टिकल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

व्हायोला

व्हायोला दिसायला मोठ्या व्हायोलिनसारखा असतो. त्याच्या तारा सी, जी, डी, ए अशा, म्हणजे व्हायोलिनहून पाच स्वर खाली मिळवतात. इतक्या खालच्या स्वरांना साजेसे खोड सुमारे ५३ सेंटिमीटरचे व्हावे लागेल. ते खांद्यावर पेलणार नाही. म्हणून प्रौढांचे व्हायोले साधारणतः ३८ ते ४३ सेंटिमीटरचे करतात, आणि त्यांचे एकच असे ठरलेले माप नाही. या तडजोडीतूनच त्याचा किंचित घोगरा, गडद नाद आला आहे. त्याच्या जाड तारा उशिरा बोलतात. त्यांना भार अधिक व गजाचा वेग कमी लागतो. त्यामुळे व्हायोलिनचा हात तसाच व्हायोलावर चालवला तर आवाज वरवरचा येतो. त्याची स्वरलिपीही वेगळ्या चिन्हाने लिहितात. त्यात मधला सी पंचरेषेच्या मधल्या रेषेवर येतो. लहान मुलांसाठी अनेकदा छोट्या व्हायोलिनलाच व्हायोलाच्या तारा चढवतात.

व्हायोलिनमध्ये मागे पडलेल्यांनी व्हायोला घ्यावा, ही जुनी समजूत अनाठायी आहे. मोझार्ट, बेथोव्हेन व द्वोर्झाक हे तिघेही व्हायोला वाजवीत. लायोनेल टर्टिस (१८७६–१९७५) यांनी त्याला एकलवाद्य म्हणून मान मिळवून दिला. मात्र विल्यम वॉल्टन यांची व्हायोलासाठीची कॉन्चेर्तो त्यांनी प्रथम नाकारली, आणि १९२९ मध्ये ती पाउल हिंडेमिट यांनी पहिल्यांदा वाजवली. वाद्यवृंदांत व चतुष्कांत व्हायोलावादकांची सदैव वाण असते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

महाराष्ट्र व गोवा

गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांतून स्वरवाचन व व्हायोलिन शिकवले जाई. तेथून मुंबईत आलेल्या वादकांनी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले आणि घरी शिकवण्याही घेतल्या. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांच्या शिष्यांत प्यारेलाल शर्मा व राहुल देव बर्मन हे होते. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटातील नायकाच्या तोंडी आलेले नाव ही प्यारेलाल यांनी गुरूला दिलेली मानवंदना मानतात. मुंबईत १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन करणारे मेहली मेहता (१९०८–२००२) हे पुष्कळसे स्वयंशिक्षित होते. तरीही नामवंत झाल्यानंतर, १९४५ मध्ये, ते गलामियन यांच्याकडे शिकण्यासाठी न्यूयॉर्कला गेले.

असोसिएटेड बोर्ड (स्थापना १८८९) व ट्रिनिटी कॉलेज लंडन यांच्या आठ श्रेणींच्या परीक्षा भारतातही होतात. त्यांनी अभ्यासाला शिस्त येते. परंतु वर्षभर केवळ परीक्षेच्या तीन रचनाच वाजवणारा विद्यार्थी श्रेणी चढतो आणि संगीतात तेथेच राहतो.

महाराष्ट्रात शिक्षक शोधताना आणखी एक गोष्ट आधी ठरवावी लागते. गजाननराव जोशी (१९११–१९८७), व्ही. जी. जोग (१९२२–२००४) व डी. के. दातार (१९३२–२०१८) यांच्यामुळे येथे हिंदुस्थानी व्हायोलिनची समृद्ध परंपरा आहे. त्या पद्धतीत वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकवतो. त्यामुळे डाव्या हातावर वाद्याचा भार राहत नाही व मींड सहज घेता येते. तारा षड्ज-पंचमात मिळवतात, आणि बोटे जागेवर पडण्याऐवजी बहुशः सरकतात. वाद्य तेच असले तरी हाताची घडण निराळी. एका पद्धतीतून दुसरीत जाणाऱ्याला कानाची तयारी उपयोगी पडते, हाताची मात्र जवळजवळ पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. म्हणून पहिल्या धड्यापूर्वीच शिक्षक कोणत्या पद्धतीने शिकवतात हे विचारून घ्यावे आणि शक्य असल्यास त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याचे वादन ऐकावे.