कांद्याच्या मुळातली देवघेव

कांद्याचं रोप उपटू नये, खुरप्यानं मातीच्या ढेकळासकट उचलावं. उपटलं की बारीक मुळं जमिनीतच तुटून राहतात, आणि बघायचं असतं ते नेमकं त्यांच्यातच. कांद्याची मुळं जाडसर, त्यांना केशमुळं अगदीच तोकडी. स्फुरद मातीत फारसा हलत नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तर तो कॅल्शियमला घट्ट धरून बसतो. मुळालगतचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा थर लवकरच रिता होतो. त्यापलीकडचा स्फुरद मायकोरायझा बुरशीचे तंतू आणून देतात. ते मुळापासून काही सेंटिमीटर लांब पसरतात.

ही बुरशी पाहायला महागडी रसायनं लागत नाहीत. मुळं धुऊन त्यांचे सेंटिमीटरभराचे तुकडे करायचे आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणात पारदर्शक होईपर्यंत उकळायचे. हे द्रावण कातडी भाजतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. मग तुकडे स्वच्छ धुऊन, व्हिनेगरमध्ये फाउंटन पेनची शाई मिसळून त्यात तीनेक मिनिटं उकळायचे. ही सोपी रीत १९९८ साली प्रसिद्ध झाली. जादा रंग धुतला की मूळ फिकं होतं, बुरशी निळी राहते.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या मधून धावणारे निळे तंतू दिसतात. एखादा तंतू पेशीभित्तिका भेदून आत शिरतो आणि फुटत फुटत पानगळ झालेल्या झाडासारखा पसरतो. पेशीचं पटल मात्र फाटत नाही, प्रत्येक फांदीभोवती ते गुंडाळत जातं. देवघेव चालते ती या पटलातून. बुरशी स्फुरद देते, रोप साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. स्निग्धाम्लं तिला स्वतःला बनवता येत नाहीत, ती रोपाकडूनच येतात, हे २०१७ साली स्पष्ट झालं. काही दिवसांत हा फांदोरा विरून जातो. पेशी जिवंतच राहते. मला या साऱ्या व्यवहारातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

बुरशीला हाक मूळच घालतं. स्फुरद कमी पडला की ते स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्यं सोडतं. ज्वारीवरच्या टारफुला या परजीवी तणाचं बीही त्यांच्याच खुणेनं रुजतं. मातीत स्फुरद भरपूर असला, तर ही हाक मंदावते आणि बुरशीचा शिरकाव घटतो. दर हंगामाला सवयीनं सुपर फॉस्फेट ओतणारा शेतकरी म्हणूनच या फुकटच्या मदतीला मुकतो, आणि वरून मायकोरायझाची पुडी विकत घेतो, याचं मला वाईट वाटतं.

तेव्हा पुडी घेण्याआधी माती परीक्षण करून अहवालातला स्फुरदाचा आकडा बघा. आकडा आधीच जास्त असेल तर पुडीवर खर्च करू नका. आणि कोबी, फ्लॉवर, मोहरी लावणार असाल तर ती घेऊच नका. या पिकांची मुळं या बुरशीशी जोडी जमवत नाहीत.