एका गतीची डोंगरी सायकल

साठी उलटलेल्या शाळामास्तरानें सायकलीविषयीं बोलावें, आणि तीहि डोंगर चढणाऱ्या सायकलीविषयीं, हें ऐकून पुष्कळांना हंसूं येईल. पण गेल्या वर्षीं मुलाकडे कॅलिफोर्नियांत कांहीं महिने राहिलों असतां अशी एक सायकल माझ्या डोळ्यांदेखत सुट्या भागांतून उभी राहिली, आणि तिचे कांहीं बोल्ट मीं स्वतः आवळले. निमित्त मात्र आनंदाचें नव्हतें. मुलाच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या सायकलीचा सांगाडा उतारावर वेल्डिंगच्या जोडापाशीं तडकला, आणि त्याचें गळ्याजवळचें हाड मोडलें. सूनबाईचें म्हणणें, आतां हा छंद पुरे. शेवटीं तडजोड झाली ती अशी कीं, नवा सांगाडा घ्यावा तो भरंवशाचा, आणि जोडणी बापाच्या देखरेखीखालीं, मुळींच घाई न करतां व्हावी.

डोंगरी सायकलीचा जन्म त्याच मुलुखांतला. मरीन परगण्यांतील तरुण मंडळी जाड टायरांच्या जुन्या सायकली टॅमल्पायस डोंगराच्या परिसरांत नेऊन उतारावरून पिटाळीत. १९७६ च्या ऑक्टोबरांत त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. पॅडल उलटें दाबलें कीं लागणारा ब्रेक मागच्या हबमध्यें असे. उतार संपेतों त्यांतील ग्रीस जळून धूर निघे व हब पुन्हां ग्रीसनें भरावें लागे. म्हणून त्या रस्त्याचें नांवच 'रीपॅक' पडलें. पुढच्याच वर्षीं जो ब्रीझ यानें खास या कामासाठीं सांगाडा बनविला. त्या जुन्या सायकलींपैकीं पुष्कळांना एकच गती होती. तेव्हां आजची एका गतीची सायकल ही नवलाई नसून परतफेरी आहे.

आतां धातूविषयीं. टायटॅनियम दुर्मिळ नाहीं. १७९१ सालीं कॉर्नवॉलमधील काळ्या वाळूंत विल्यम ग्रेगर या पाद्र्याला त्याचा सुगावा लागला. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूंतहि इल्मेनाइटच्या रूपानें तो आहेच. अवघड आहे तें त्याला प्राणवायूच्या मिठींतून सोडविणें. क्रॉलच्या रीतीप्रमाणें आधीं त्याचें क्लोराइड करून मग मॅग्नेशियमकडून क्लोरीन काढवून घ्यावा लागतो. म्हणून त्याचें मोल चढतें. पाण्याच्या साडेचारपट जड, म्हणजे पोलादाहून बराच हलका. गंजत नाहीं. ताठपणा मात्र पोलादाच्या निम्माच. यास्तव नळ्या जाड व्यासाच्या घ्याव्या लागतात. मुलाच्या सांगाड्याच्या नळ्यांत ३ टक्के ॲल्युमिनियम व २.५ टक्के व्हॅनेडियम मिसळलेलें आहे. असल्या नळ्या विमानांतहि वापरतात.

ॲल्युमिनियमला बारीकसारीक धक्क्यांचाहि शीण सांचत जातो; टायटॅनियम एका मर्यादेखालचे धक्के फार काळ सोसतें. मात्र जोड चांगला असला तरच. तापलेला हा धातु हवा शोषून ठिसूळ बनतो, म्हणून वेल्डिंग करतांना नळीच्या आंतबाहेर आरगॉन वायु खेळवितात. जोड रुपेरी किंवा फिकट गवती रंगाचा असावा. गडद निळा वा करडा दिसला तर संशय घ्यावा. मीं भिंग घेऊन एकूण एक जोड तपासला. मुलगा हंसला, सूनबाई हंसली नाहीं.

खरी कसोटी साखळीची. अनेक गतींच्या सायकलींत ढिली साखळी ओढून धरणारी यंत्रणा असते. येथें ती नाहीं. म्हणून या सांगाड्याच्या मागच्या बाजूस सरकत्या पट्ट्या आहेत. त्यांत आंस पुढेंमागें होतो व डिस्क ब्रेकहि त्याच्याबरोबरच सरकतो. साखळीची कडी अर्ध्या इंचाची, परंतु आंतली व बाहेरची कडी आलटून पालटून येत असल्यामुळें काढावयाच्या त्या दोन, म्हणजे एक इंच. साखळी वरून एकदां व खालून एकदां जाते. एक इंच घटला कीं आंस अर्धा इंच पुढें येतो. तेवढी जागा पट्ट्यांत हवीच. मीं शहाण्यानें आंस अगदीं मागें ओढून कड्या मोजल्या! साखळी बसली छान, पण ती झिजून लांबली म्हणजे मागें सरकायला जागा कोठें? जन्मभर मुलांना गणितें घातलीं, आणि येथें स्वतःच चुकलों. एक जोडी काढून सारें पुन्हां बसविलें.

पुढें ३२ दांते, मागें २०, आणि चाक २९ इंची. पॅडलच्या एका फेऱ्यांत सुमारें बारा फूट वाट. चढावर हें जड वाटतें, सपाटीवर पाय भिरभिरतात. त्याला इलाज नाहीं. दोन्ही दांतेरी चक्रें एका रेषेंत यावींत म्हणून मागच्या चक्राच्या दोन्ही बाजूंस पातळ कड्या घालून मेळ साधला. साखळी मध्यावर बोटानें दाबली असतां अर्धा इंच हलावी. पण कोणतेंच चक्र पुरतें गोल नसतें, म्हणून पूर्ण फेरा फिरवून जेथें ती अधिक ताणते तेथें मोजावें.

आणखी एक सावधगिरी. टायटॅनियमचे आटे कोरडे आवळले तर एकमेकांत रुततात, आणि बैठकीचा ॲल्युमिनियमचा दांडा त्या नळींत कायमचा अडकूं शकतो. दोहोंनाहि खास लेप लावावा लागतो. या कामीं आळस नको.

पहिल्या फेरीहून मुलगा परतला तेव्हां सूनबाई दारांतच उभी होती. तिनें आधीं त्याच्या खांद्याकडे पाहिलें, मीं साखळीकडे. ती किंचित् सैल झाली होती. संध्याकाळीं पुन्हां पाना काढला.