डिफेंडर की रँग्लर? रायगडच्या किनाऱ्यावर जुनी गाडी घेण्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोटसेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू वाहतुकीस खुला झाला, त्यामुळे अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड या पट्ट्यात राहणाऱ्यांना स्वतःच्या गाडीने मुंबईला जाऊन येणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. रोजच्या वापरासाठी आलिशान पण आडवाटेवरही चालेल अशी वापरलेली गाडी घेण्याचा विचार ज्यांच्या मनात असतो, त्यांच्यासमोर दोन नावे सहज येतात. एक, ऑक्टोबर २०२० मध्ये भारतात दाखल झालेली नव्या पिढीची लँड रोव्हर डिफेंडर ११०. आणि दुसरी, चार दारांची जीप रँग्लर, जिची सध्याची पिढी २०१९ मध्ये आयात होऊन आली आणि मार्च २०२१ पासून पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे जुळवली जाऊ लागली.

या दोन्ही गाड्यांची ख्याती खडक, चिखल आणि चढाव यांवर उभी आहे. रायगडच्या किनाऱ्यावर मात्र त्यांची खरी परीक्षा घेतात ती खारी हवा, अरुंद रस्ते, छोट्या फेऱ्या आणि दूर असलेले सेवाकेंद्र. निवडीविषयीचे बहुतेक गैरसमज या दोन परीक्षांची गल्लत केल्यामुळे निर्माण होतात.

गैरसमज १ : पोलादी चौकटीवर बांधलेली गाडी अधिक सुरक्षित असते.

वस्तुस्थिती : रँग्लरचा सांगाडा शिडीसारख्या पोलादी चौकटीचा, म्हणजे लॅडर फ्रेमचा आहे आणि त्यावर वरचे शरीर स्वतंत्रपणे बसवलेले असते, डिफेंडरमध्ये सांगाडा व शरीर मिळून अ‍ॅल्युमिनियमचा एकच घडीव साचा असतो, ज्याला मोनोकॉक म्हणतात. लॅडर फ्रेम खडबडीत वापरात उपयुक्त असली, तरी अपघातातील संरक्षण हे आघाताची ऊर्जा किती पद्धतशीरपणे शोषली जाते आणि प्रवाशांचा कक्ष किती अभंग राहतो यावर ठरते. युरो एनकॅप या युरोपीय चाचणी कार्यक्रमाने २०१८ मध्ये रँग्लरला एकच तारा दिला, तर २०२० मध्ये डिफेंडरला पाच तारे मिळाले. रँग्लरच्या कमी गुणांमागे स्वयंचलित आपत्कालीन ब्रेकचा अभाव हे एक कारण होते, परंतु प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणातही तिला जेमतेम निम्मे गुण मिळाले होते. लहान मुलांसह रोज प्रवास करणाऱ्या कुटुंबाने हा फरक गौण मानू नये.

गैरसमज २ : चारही चाकांना शक्ती मिळत असल्याने ओल्या रस्त्यावर आणि वाळूत गाडी निर्धास्त नेता येते.

वस्तुस्थिती : फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे सरकण्यास मदत करते, थांबण्यास नाही, ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांनाच लागतात, आणि थांबण्याचे अंतर टायरची पकड, रस्त्याचा ओलावा व वेग यांवर अवलंबून राहते. रँग्लरच्या रुबिकॉन आवृत्तीवर बसवले जाणारे मोठ्या खाचांचे चिखलटायर ओल्या डांबरावर साध्या टायरपेक्षा कमी पकड देतात, हे पावसाळ्यात विशेष लक्षात ठेवावे लागते. वाळूची गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण भरतीच्या रेषेजवळची वाळू वरून घट्ट दिसली तरी आतून पाण्याने भरलेली असते आणि अडीच टनांच्या आसपास भरणारी गाडी तीत खचत जाते. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस रेवदंड्याच्या किनाऱ्यावर रुतलेली फेरारी अखेर बैलगाडीने ओढून काढावी लागली. किनाऱ्यावर गाड्या नेण्यास असलेली मनाई केवळ अशा स्पोर्ट्स गाड्यांपुरती नाही.

गैरसमज ३ : डिफेंडर ९०० मिलिमीटर पाण्यातून जाते, त्यामुळे पुराची चिंता नको.

वस्तुस्थिती : डिफेंडरसाठी सांगितलेली ९०० मिलिमीटरची मर्यादा हवेवरचे सस्पेन्शन पूर्ण उंचावर असताना, तळ घट्ट असलेल्या संथ पाण्यातून सावकाश जाण्यासाठी आहे, रुबिकॉनसाठी हीच मर्यादा सुमारे ७६० मिलिमीटर आहे. वाहत्या पाण्याला या आकड्यांचे बंधन नसते, कारण साधारण ६० सेंटिमीटर खोलीचा वेगवान प्रवाह बहुतेक गाड्या उचलून नेऊ शकतो. शिवाय गोडे पाणी आणि खाडीचे पाणी यांत फरक आहे, आणि उधाणाच्या भरतीत रस्त्यावर आलेले पाणी विजेच्या जोडण्यांमध्ये मीठ सोडून जाते. जुलै २०२१ मध्ये महाडला आलेल्या महापुरासारख्या घटनांनंतर बुडालेल्या गाड्या दुरुस्त होऊन बाजारात येऊ शकतात, म्हणून वापरलेली गाडी पाहताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेषा आहे का, सीटच्या रुळांवर गंज आहे का आणि डिफरन्शियलमधील तेल दुधाळ झाले आहे का, हे तपासावे. डिफरन्शियल म्हणजे वळणावर आतल्या व बाहेरच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरसंच. त्यातील दुधाळ तेल पाणी शिरल्याची खूण असते.

गैरसमज ४ : अ‍ॅल्युमिनियमला गंज चढत नाही, म्हणून किनाऱ्यावर चिंता नाही.

वस्तुस्थिती : अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही हे खरे, परंतु दोन भिन्न धातू एकमेकांना टेकलेले असताना मध्ये खारट ओलावा साचला, की त्यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि कमी प्रतिकारक्षम धातू झिजू लागतो. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या जोडीत झिजणारा धातू अ‍ॅल्युमिनियमच असतो, आणि ही झीज रंगाखाली उठलेल्या फोडांच्या रूपाने दिसते. डिफेंडरच्या पोलादी बोल्टभोवती ती जशी शोधावी लागते, तशीच रँग्लरच्या दारांवर, बिजागऱ्यांवर आणि बोनेटवरही, कारण तिचेही हे भाग अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. रँग्लरची लॅडर फ्रेम आणि दोन्ही गाड्यांच्या सस्पेन्शनचे अनेक भाग पोलादी असल्यामुळे गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहणे अनिवार्य ठरते. बोटीने येजा करणाऱ्या गाडीचा तळ नियमितपणे गोड्या पाण्याने धुतला गेला आहे का, हा प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा.

गैरसमज ५ : रस्ते खराब, म्हणून गाडी जितकी मोठी तितकी बरी.

वस्तुस्थिती : नागाव, चौल आणि रेवदंडा येथील नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर समोरून एसटी आली, की खड्ड्यापेक्षा रुंदीचा प्रश्न मोठा होतो. डिफेंडर ११० ची रुंदी आरसे वगळता जवळपास २ मीटर आणि मागच्या स्टेपनीसह लांबी सुमारे ५ मीटर आहे, तर रँग्लर तिच्याहून सुमारे १० सेंटिमीटर अरुंद आहे. उलट अटल सेतूसारख्या वेगवान मार्गावर रँग्लर मागे पडते, कारण तिची दोन्ही टोकांची चाके प्रत्येकी एका अखंड आसाने जोडलेली आहेत आणि तिचे स्टिअरिंग सरळ रेषेतही अधूनमधून सावरावे लागते. सुट्या होणाऱ्या छतामुळे वाऱ्याचा आवाजही आत येतो आणि जुन्या झालेल्या रबरी पट्ट्यांतून पावसाचे पाणी गळू शकते. डिफेंडरचे प्रत्येक चाक स्वतंत्र सस्पेन्शनवर असल्याने लांबचा प्रवास तिच्यात निश्चितच कमी थकवणारा होतो.

गैरसमज ६ : जड गाडीला डिझेलच हवे.

वस्तुस्थिती : भारतात २०१९ पासून विकली गेलेली रँग्लर केवळ पेट्रोलवर चालते, म्हणून हा प्रश्न डिफेंडरपुरता आहे. तिचे तीन लिटरचे डिझेल इंजिन महामार्गावर उत्तम असले, तरी बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते आणि ती जाळी साफ होण्यासाठी गाडी काही काळ सलग व तापलेल्या अवस्थेत चालावी लागते. अलिबाग-नागावसारख्या काही किलोमीटरच्या फेऱ्यांत ही सफाई अर्धवट राहते, जाळी तुंबते आणि सफाईसाठी जादा सोडलेले इंधन इंजिन ऑइलमध्ये मिसळून ते पातळ होऊ शकते. ज्यांचा वापर मुख्यतः बाजार, शाळा आणि मांडवा जेट्टी यांपुरता आहे, त्यांच्यासाठी पेट्रोल डिफेंडर अधिक योग्य ठरते.

गैरसमज ७ : शनिवार-रविवारीच वापरलेली, कमी धावलेली गाडी म्हणजे उत्तम गाडी.

वस्तुस्थिती : दमट किनाऱ्यावर उभी राहणारी गाडी धावणाऱ्या गाडीपेक्षा वेगळ्या प्रकारे झिजते. ब्रेकच्या तबकड्यांवर गंज धरतो, बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात आणि खाचा शाबूत असूनही टायरचे रबर कडक होते. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दर्शवतात, त्यावरून त्याचे वय कळते. हवेवरचे सस्पेन्शन असलेली डिफेंडर रात्रभर उभी ठेवून सकाळी चारही कोपऱ्यांची उंची मोजल्यास हवेची गळती लक्षात येते.

गैरसमज ८ : डिफेंडर टाटांची आणि रँग्लर रांजणगावची, म्हणून दोन्हींचे भाग स्वस्त, आणि दिल्लीची गाडी आणल्यास आणखी बचत.

वस्तुस्थिती : टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर ही कंपनी २००८ मध्ये विकत घेतली, पण ही डिफेंडर स्लोव्हाकियातील नित्रा येथे बनते आणि तिचे सुटे भाग टाटांच्या इतर गाड्यांच्या दरात मिळत नाहीत. रांजणगावची रँग्लरही आयात केलेल्या भागांच्या संचातून जुळवली जाते, त्यामुळे करबचत गाडीच्या मूळ किमतीत दिसते, दुरुस्तीच्या बिलात तितकी नाही. दिल्लीत डिझेल गाड्यांवर १० वर्षांची सरसकट मर्यादा होती, त्यामुळे तेथील किंमत कमी दिसू शकते. मात्र महाराष्ट्रात कायमस्वरूपी वापरायची झाल्यास ना-हरकत प्रमाणपत्र, पेण येथील कार्यालयात फेरनोंदणी आणि येथील मोटार वाहन कर हा खर्च त्यात मिळवावा लागतो. पूर्वीच्या मालकाने बसवलेल्या पोलादी बुलबारला फुकटची भर समजू नये, कारण केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा साधनांवर कारवाई करण्याच्या सूचना राज्यांना दिल्या आहेत.

या सर्व बाबी एकत्र पाहिल्या, तर ज्या कुटुंबाचा प्रवास वारंवार मुंबईपर्यंत होतो आणि मागच्या आसनावर मुले वा वृद्ध असतात, त्याने पेट्रोल डिफेंडरकडे वळावे. ज्याचा वावर मुख्यतः तालुक्यातील अरुंद रस्त्यांवर आहे आणि ज्याला आवाज, धक्के व कमी सुरक्षागुण यांची पूर्ण जाणीव आहे, त्याला रँग्लर चालू शकते, तीही चिखलटायर असलेल्या रुबिकॉनऐवजी साध्या टायरवरची. मात्र प्रत्यक्ष समोर असलेल्या दोन गाड्यांपैकी एकीचा तळ निरोगी आणि दुसरीचा मिठाने खाल्लेला असेल, तर मॉडेलविषयीची सगळी चर्चा बाजूला ठेवून निरोगी गाडी घ्यावी. बयाणा देण्यापूर्वी लिफ्टवरील तपासणी करून घ्यावी, विम्याच्या दाव्यांची नोंद मागावी आणि ठरवलेल्या रकमेतील काही भाग पहिल्या वर्षाच्या टायर, बॅटरी व ब्रेकसाठी राखून ठेवावा.